चपट्या कृमींचा अभ्यास : मराठवाड्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेला मराठवाड्यातला विद्यार्थी पीएच.डी.साठी विषय शोधू लागला की त्याला हमखास सुचवला जातो तो हेल्मिंथॉलॉजी, म्हणजे परजीवी कृमींचा अभ्यास. कारण उघड आहे. या कामाला कोटभर रुपयांचं यंत्र लागत नाही. मासळी बाजार, खाटकाचं दुकान, एक बरा मायक्रोस्कोप आणि चार बाटल्या रसायनं एवढ्यावर सुरुवात होते. शिवाय इथे परंपरा आहे. जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळ गटातल्या माशातून सर्कमॉन्कोबोथ्रियम हा पट्टकृमींचा नवा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडला आणि पुढे त्यात जातींची भर पडत गेली. एकीचं नाव खाम नदीवरून 'खामी', तर दुसरीचं 'औरंगाबादेन्सिस'. शहराचं नाव बदललं तरी कृमीचं बदलत नाही, नामकरणाच्या नियमांत तशी सोयच नाही.

या परंपरेची दुसरी बाजूही पहिल्याच दिवशी कळलेली बरी. अलीकडचे बरेच अभ्यासक सर्कमॉन्कोबोथ्रियमला वेगळा जीनस मानत नाहीत, तो १९३४ च्या सेंगा या जीनसमध्येच मिसळतात. मागूर माशातल्या कॅरिओफिलिडिया गटाच्या कृमींचा आढावा भारतीय आणि युरोपीय संशोधकांनी मिळून २०११ मध्ये घेतला, तेव्हा पन्नासहून जास्त नावं मोडीत निघाली आणि मोजक्याच जाती टिकल्या. बहुतेक नावं भारतातलीच होती. कृमी खोटे नव्हते. ते दाबून, आखडून किंवा अर्धवट सडून स्लाइडवर गेले होते आणि मूळ नमुने पुन्हा पाहायला मिळतील अशा ठिकाणी ठेवलेले नव्हते. म्हणून पुढच्या मजकुरात नव्या जातीपेक्षा चांगल्या नमुन्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी घराणी ओळखा

प्लॅटीहेल्मिंथिस म्हणजे चपटे कृमी. त्यातले परजीवी बहुतेक सगळे निओडर्माटा या गटात येतात. यांची अळी आपली केसाळ त्वचा टाकून देते आणि तिच्या जागी पेशींच्या भिंती नसलेलं एकसलग आवरण, म्हणजे टेग्युमेंट, तयार होतं. यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात कृमी राहतो त्या प्राण्याच्या, पाचकरसात आणि प्रतिकारशक्तीसमोर हा प्राणी टिकतो तो या आवरणाच्या जोरावर.

कामापुरते तीन गट लक्षात ठेवा. पहिला मोनोजेनिया. हे बहुतेक माशांच्या कल्ल्यांवर आणि कातडीवर असतात, मागच्या टोकाला आकड्यांचा चकतीसारखा अवयव, हॅप्टर, असतो आणि मध्यस्थ यजमान लागत नाही. दुसरा ट्रेमॅटोडा, म्हणजे पर्णकृमी. आपल्याला भेटतात ते बहुतेक डायजेनिया उपगटातले. त्यांना दोन चूषक असतात, अन्ननलिका असते आणि आयुष्यात कुठेतरी गोगलगाय लागतेच. तिसरा सेस्टोडा, म्हणजे पट्टकृमी. याला तोंडही नाही आणि आतडंही नाही, सगळं अन्न टेग्युमेंटवरच्या सूक्ष्म केसांतून आत जातं.

पट्टकृमीची वाढ समजून घ्या, कारण पुढची सगळी मोजमापं तिच्यावर उभी आहेत. पुढे डोकं म्हणजे स्कोलेक्स, त्यामागे मान, आणि नवे खंड तयार होतात ते मानेपाशी. आगगाडीला शेवटी नव्हे, इंजिनालगत डबे जोडत जावेत तसं. त्यामुळे शेपटाकडचा खंड सर्वांत जुना. मानेजवळचे खंड कोवळे, त्यामागे आधी नर अवयव पिकतात, मग मादी अवयव, आणि अगदी शेवटी अंड्यांनी गच्च भरलेलं गर्भाशय तेवढं उरतं. वर्णनात वृषणांची संख्या आणि अंडाशयाचा आकार पिकलेल्या खंडांतून घ्यायचा असतो. कोवळ्या खंडातलं माप आणि भरलेल्या खंडातलं माप एकाच रकान्यात बसवलेलं दिसलं, तर तो पेपर बाजूला ठेवायला हरकत नाही.

यजमान कुठून आणायचा

इथे बहुतेक जण घाई करतात आणि सगळ्या कामाची किंमत इथेच ठरते.

माशांसाठी पैठणचा नाथसागर, गोदावरीकाठचे बाजार, गावोगावचे पाझर तलाव आहेतच. बाजारात पहिला प्रश्न विचारायचा, "मामा, हा धरणातला का आंध्राचा?" आपल्याकडच्या बाजारात बर्फात घालून ट्रकने आलेला रोहू-कटला भरपूर असतो. त्यातून निघालेला कृमी जायकवाडीच्या नावावर लिहिला की भूगोल कायमचा बिघडला. शक्य असेल तर सकाळी जाळं निघतं त्या वेळी काठावरच जा. बर्फातल्या माशातले कृमी मेलेले आणि सुजलेले असतात. गणतीसाठी ते चालतील, वर्णनासाठी नाही. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे हेही विसरू नका. तिथे स्वतः जाळं टाकायला, गोगलगायी गोळा करायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. मच्छीमाराकडून विकत घेतलेल्या माशाला अडचण नाही.

सुरुवातीला तीन प्रकारचे मासे पुरेत. वाम, म्हणजे मॅस्टासेम्बेलस आर्मेटस, आणि मरळ यांच्यात सेंगा गटाचे पट्टकृमी मिळतात. मागूरमध्ये कॅरिओफिलिडिया मिळतात, म्हणजे खंड नसलेले, अवयवांचा एकच संच असलेले. मात्र मागूर घेताना सावध राहा. पाळायला बंदी असलेला आफ्रिकन मागूर देशी म्हणून सर्रास विकला जातो. यजमान चुकला तर पुढचं सगळं चुकलं. माशाचा पट्टी ठेवून फोटो काढा, लांबी-वजन लिहा, कल्ल्याचा किंवा पराचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा आणि एकदा तरी मत्स्यशास्त्राच्या जाणकाराकडून खात्री करून घ्या.

शेळ्या-मेंढ्यांसाठी खाटकाची ओळख हवी. वजडी धुऊन विकायची असते म्हणून आतड्यातून पाण्याचा पाइप फिरवला जातो, आणि आपलं साहित्य गटारात जातं. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं, "चाचा, एक वजडी न धुता बाजूला ठेवा." पैसे वजडीचे पूर्ण द्यायचे. जनावर कुठल्या गावचं, किती वयाचं, जंताचं औषध कधी पाजलं होतं, हे विकणाऱ्याला विचारून वहीत लिहायचं. औषध पाजलेल्या कळपात काहीच मिळत नाही आणि ते 'काहीच नाही'सुद्धा नोंदवायचं असतं. कोंबडीसाठी ब्रॉयलरचं दुकान उपयोगाचं नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला मुंग्या-भुंगेरे खायला मिळत नाहीत आणि रेलिएटिना जीनसचे पट्टकृमी त्यांच्यातूनच येतात. गावरान कोंबडी पाहा.

रानपक्षी आणि वन्यप्राणी यांना हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवानगीशिवाय संशोधन ही सबब चालत नाही. जिवंत जनावरावर प्रयोग करायचा असेल तर कॉलेजच्या प्राणी नीती समितीची मान्यता आधी घ्यावी लागते. बाजारात मेलेल्या जनावरावर काम करण्याचा हा मोठा फायदा.

हातमोजे का

सांगितलं की मुलं हसतात, म्हणून थोडं खुलासेवार. शेळी-मेंढीच्या यकृतात किंवा फुप्फुसात कधी लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी पाण्याची गाठ दिसते. ती एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीची अळीअवस्था, हायडॅटिड. पूर्ण वाढलेला कृमी कुत्र्याच्या आतड्यात असतो, लांबी काही मिलिमीटर आणि खंड तीन-चार. खाटीक गाठीचा भाग कापून फेकतो, दुकानासमोरचं कुत्रं तो खातं, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की तशीच गाठ माणसाच्या यकृतात वाढते. म्हणजे हे चक्र तुमच्या डोळ्यांदेखत, त्याच ओट्यावर फिरत असतं. गाठीतलं पाणी निवळू द्या. तळाशी बसलेली वाळूसारखी रवाळ भुकटी स्लाइडवर घेतली की इवल्याशा डोक्यांवर आकड्यांचं कडं स्पष्ट दिसतं. नवख्याला याहून सोपी आणि सुंदर स्लाइड नाही. पण उरलेली गाठ कुत्र्याला जाऊ देऊ नका, उकळा किंवा जाळा. आणि कुत्र्याचं आतडं किंवा माणसाच्या विष्ठेतले टीनिया या पट्टकृमीचे खंड यावर अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय काम करू नका. डुकरातल्या टीनिया सोलियमची अंडी माणसाने गिळली तर अळ्या मेंदूपर्यंत जातात.

आतडं उघडताना

मासा आणल्यावर लगेच, नाहीतर काही तासांच्या आत. मिठाचं पाणी आधी तयार ठेवा : माशासाठी लिटरला ७ ग्रॅम, शेळी-कोंबडीसाठी ९ ग्रॅम. साध्या पाण्यात कृमी फुगून फाटतो. कल्ले वेगळ्या डिशमध्ये काढा, मोनोजेनिया तिथेच मिळतील. मग जठर, आतड्याचा पुढचा भाग, मधला, मागचा असे तुकडे करून वेगवेगळ्या डिशमध्ये ठेवा. कृमी कोणत्या भागात होता ही माहिती नंतर कुठूनही मिळत नाही.

बारीक कात्रीने आतडं उभं चिरा. वामच्या आतड्यात पांढुरका, सुतळीएवढा जाड कृमी श्लेष्मात लोळत असतो आणि पुढचं टोक मात्र भिंतीत घट्ट रुतलेलं. नवखा माणूस इथे चिमटा लावतो आणि ओढतो. हातात येतो तो डोकं नसलेला कृमी, आणि डोक्याशिवाय सेंगा ओळखता येत नाही. ओढायचं नाही. डोकं रुतलंय तेवढा भिंतीचा तुकडाच कापून मिठाच्या पाण्यात घालायचा आणि डिश फ्रिजमध्ये ठेवायची. थोड्या वेळाने तो आपणहून पकड सोडतो. नाहीच सोडली तर डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली सुयांनी भोवतीची ऊती हलक्या हाताने सोडवायची. जिवंत असताना दोन मिनिटं नुसतं बघा. स्कोलेक्सच्या दोन बाजूंच्या खाचा उघडझाप करत असतात, वरची चकती आत-बाहेर होत असते आणि तिच्या कडेचे आकडे उजेडात चमकतात. हे चलन फोनवर टिपून ठेवा. मेल्यावर स्कोलेक्सचा आकार काहीही होतो, त्या वेळी हा व्हिडिओ कामी येतो.

शेळीच्या आतड्याचं वेगळंच. मोनिझिया एक्सपान्सा काही मीटर लांब असतो आणि पहिल्या दिवशी तो उलगडताना टेबल पुरत नाही. पूर्ण कृमी जपून ठेवण्याचा हट्ट नको. स्कोलेक्ससह पुढचा भाग, मधले पिकलेले खंड आणि शेवटचे भरलेले खंड असे तीन तुकडे पुरतात, फक्त ते एकाच कृमीचे आहेत हे लेबलवर हवं.

कृमी मारायचा कसा

वर म्हटलेली पन्नासहून जास्त नावं मोडीत निघाली त्याचं एक मोठं मूळ या पायरीत आहे, म्हणून इथे सविस्तर.

आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली रीत अशी : कृमी दोन स्लाइडमध्ये ठेवायचा, वर दोरा गुंडाळायचा आणि दाबून फॉर्मालीनमध्ये टाकायचा. स्लाइड सपाट आणि देखणी होते हे खरं. पण दाबलेल्या कृमीची रुंदी वाढते, अंडाशय पसरून वेगळाच आकार घेतो, वृषणं एकमेकांवरून सरकतात, गोल चूषक लंबगोल होतो. तुमचा दाब माझ्यापेक्षा जास्त, माझा कालच्यापेक्षा कमी. मग एकाच जातीचे दोन कृमी दोन मापांचे निघतात आणि एक नवी जाती छापली जाते. थंड फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, जिवंत कृमी टाकला तर तो आखडतो, तेही तितकंच वाईट.

दुसरी रीत सोपी आहे. कृमी स्वच्छ मिठाच्या पाण्यात धुऊन श्लेष्मा काढा. डिशमध्ये थेंबभर पाण्यात तो पसरलेला असताना त्यावर उकळत्याच्या बेताचं मिठाचं पाणी एकदम ओता. तो क्षणात ताठ, सरळ आणि न आखडता मरतो. मग लगेच फॉर्मालीनमध्ये. काही प्रयोगशाळांत थेट गरम फॉर्मालीनच ओततात, पण त्याची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट. ज्या कॉलेजात धूर ओढणारा कक्ष नाही तिथे गरम पाण्याचीच पद्धत बरी.

फॉर्मालीनच्या टक्केवारीचा घोळ एकदाच मिटवून घ्या. बाटलीतलं फॉर्मालीन म्हणजे पाण्यात सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की झालं १० टक्के फॉर्मालीन, म्हणजेच अंदाजे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. दोन्ही नावं एकाच द्रावणाची. '४ टक्के फॉर्मालीन' वाचून एकास चोवीस मिसळणारे आहेत, त्यांचे कृमी आतून सडतात.

फॉर्मालीनमध्ये गेलेल्या नमुन्यातून डीएनए जवळजवळ मिळत नाही. म्हणून मारायच्या आधी त्याच कृमीचा मधला किंवा मागचा छोटा तुकडा कापून ९५ टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या इथेनॉलमध्ये ठेवा आणि दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक घाला. आज सीक्वेन्सिंगला पैसे नसतील, चार वर्षांनी येतील.

लेबल बाटलीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेलं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरची चिकटपट्टी पहिल्याच पावसाळ्यात गळून पडते. लेबलवर यजमानाचं शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, अवयव, क्रमांक आणि गोळा करणाऱ्याचं नाव असावं.

रंगवणं

याचे टप्पे कोणत्याही प्रात्यक्षिकाच्या वहीत मिळतील, म्हणून थोडक्यात. फॉर्मालीन पाण्याने पूर्ण धुवा, ७० टक्के अल्कोहोलपर्यंत चढवा, बोरॅक्स कार्माइनमध्ये जास्तच रंगू द्या, मग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये रंग उतरवा. इथे घड्याळ नको, मायक्रोस्कोप हवा. कडा फिक्या गुलाबी झाल्या आणि आतले अवयव गडद राहिले की थांबायचं. पुढे ९० आणि १०० टक्के अल्कोहोल, लवंग तेल किंवा झायलीन, आणि शेवटी स्लाइड पक्की करायला कॅनडा बाल्सम किंवा डीपीएक्स. पावसाळ्यात १०० टक्के अल्कोहोलची बाटली उघडी राहिली तर ती ओल धरते आणि झायलीनमध्ये स्लाइड दुधाळ होते. तसं झालं तर मागे फिरून ताज्या अल्कोहोलमधून पुन्हा न्या. मोनोजेनियाला रंगाची घाई नको. त्यांच्या ओळखीला आकडे महत्त्वाचे, आणि ते अमोनियम पिक्रेट-ग्लिसरीनमध्ये नितळ दिसतात.

ओळख पटवणं

वरून खाली या : गट, ऑर्डर, कुल, जीनस, आणि सगळ्यांत शेवटी जाती. पट्टकृमींसाठी खलील, जोन्स आणि ब्रे यांनी १९९४ मध्ये संपादित केलेल्या ओळख पटवण्याच्या किल्ल्या अजून कामाच्या आहेत, मात्र ऑर्डरच्या पातळीवर त्यानंतर बदल झाले आहेत. जुना स्यूडोफायलिडिया गट आता बोथ्रिओसेफॅलिडिया आणि डायफायलोबोथ्रिडिया असा दोन ठिकाणी वाटला गेला आहे. सेंगा पहिल्यात जातो.

सरावासाठी शेळीतला मोनिझिया घ्या. प्रत्येक खंडात जननेंद्रियांचे दोन संच आणि दोन्ही कडांना छिद्रं दिसली की मोनिझिया. आता खंडाच्या मागच्या कडेला पाहा. ग्रंथींच्या छोट्या गुच्छांची ओळ जवळजवळ पूर्ण रुंदीभर पसरलेली असेल तर एक्सपान्सा, मध्यभागी आखूड सलग पट्टी असेल तर बेनेडेनी. बेनेडेनी गुरांत जास्त. शेजारच्याच आतड्यात तुम्हाला केसासारखे बारीक, खंड धड न दिसणारे कृमी मिळाले तर ते अविटेलिना किंवा स्टायलेशिया असण्याची शक्यता धरा.

कल्ल्यांवरचे दोन नेहमीचे : डॅक्टिलोगायरसला चार डोळ्यांचे ठिपके असतात आणि तो अंडी घालतो, तर गायरोडॅक्टिलसला डोळे नसतात आणि त्याच्या पोटात पिल्लू, त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू दिसतं. हॅप्टरच्या कडेचे बारीक आकडे मोजा. पहिल्यात १४, दुसऱ्यात १६.

एक स्लाइड बघून जाती ठरवू नका. निदान दहा चांगले नमुने मोजा आणि प्रत्येक मापाची किमान-कमाल मर्यादा लिहा. आयपीस मायक्रोमीटर प्रत्येक लेन्सला स्टेज मायक्रोमीटरवर स्वतः जुळवा, दुसऱ्याने वहीत लिहून ठेवलेला आकडा घेऊ नका. चित्र कॅमेरा ल्युसिडावर, म्हणजे मायक्रोस्कोपमधली प्रतिमा कागदावर गिरवू देणाऱ्या उपकरणावर, काढा. फोटोत एकच पातळी दिसते, चित्र काढताना तुम्हाला नळी कुठून कुठे जाते याचा माग घ्यावाच लागतो.

गोगलगायीकडे जा

वर्गीकरणावरच अडकून पडण्यापेक्षा जीवनचक्राचं काम मराठवाड्यात जास्त मोकळं आहे, असं माझं स्पष्ट मत. लिव्हर फ्लूकचं, म्हणजे यकृतातल्या पर्णकृमीचं, चक्र थॉमस यांनी इंग्लंडमध्ये आणि लॉयकार्ट यांनी जर्मनीत १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उलगडलं. मोनिझियाची अळी गवताच्या मुळाशी राहणाऱ्या ओरिबॅटिड माइटमध्ये वाढते हे स्टंकार्ड यांनी १९३७ मध्ये दाखवलं. पण इथल्या एखाद्या पाझर तलावातल्या गोगलगायीतून कोणत्या महिन्यात कोणत्या अळ्या बाहेर पडतात याची वर्षभराची नीट नोंद केली तर ते काम कुणी मोडीत काढणार नाही.

आपल्याकडच्या गुरा-म्हशींत फॅशिओला जायगँटिका हा लिव्हर फ्लूक असतो. उन्हाळ्याकडे तलाव आटत जातो, हिरवं गवत फक्त काठाच्या चिखलात उरतं, गोगलगायीही तिथेच गोळा होतात आणि सगळ्या गावाची जनावरं तिथेच चरतात. जबड्याखाली पाणी उतरलेली म्हैस दिसली की मालकाला ती कुठे चरायला जाते हे विचारा.

गोगलगायी दोन ओळखायला शिका. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरल्यावर तोंड उजव्या हाताला येत असेल तर लिम्निया गट, तोच फॅशिओलाचा वाहक. चकलीच्या वेटोळ्याचा चपटा शंख म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. गुरांतले शिस्टोसोमा स्पिंडेल आणि नाकातला शिस्टोसोमा नेझेल याच्यातून जातात. चपट्या कृमींत नर-मादी एकाच शरीरात असणं हा नियम, शिस्टोसोमा त्याला अपवाद. माणसातल्या शिस्टोसोमाचं भारतातलं गाजलेलं ठिकाणही महाराष्ट्रातच, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. गाडगीळ आणि शहा यांनी ते १९५२ मध्ये नोंदवलं.

अळ्या मिळवायच्या तर प्रत्येक गोगलगाय वेगळ्या छोट्या बीकरमध्ये, विहिरीच्या पाण्यात ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना मारतं. सकाळच्या उन्हात किंवा टेबललॅम्पखाली एक-दोन तास ठेवून काळा कागद मागे धरला की पाण्यात वळवळणारे पांढरे ठिपके दिसतात. त्या सर्केरिया, म्हणजे पर्णकृमीच्या पोहणाऱ्या अळ्या. शेपूट टोकाला दुभागलेलं असेल तर शिस्टोसोमाचा संशय धरा आणि ते पाणी उघड्या हाताला लागू देऊ नका, त्या कातडीतून आत शिरतात. बीकरच्या काचेला चिकटून गोल गाठी झाल्या तर त्या मेटासर्केरिया, म्हणजे कवचात बंद झालेल्या अळ्या, असू शकतात. फॅशिओलाच्या असतील तर पोटात गेल्यावर माणसालाही लागण होते. पिपेट तोंडाने ओढायची जुनी सवय इथे सोडाच.

आकडे

तपासलेला प्रत्येक यजमान वहीत हवा, रिकामा निघालेला तर आधी. समजा ४० मासे तपासले, १० मध्ये कृमी मिळाले आणि एकूण ३० कृमी निघाले. लागणीचं प्रमाण २५ टक्के, लागण झालेल्या माशामागे सरासरी ३ कृमी, आणि सगळ्या माशांमागे ०.७५. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पेपरमध्ये त्या तिन्ही वेगळ्या लिहा. बहुतेक मासे रिकामे आणि एखाद्यातच वीस कृमी, असं वाटप नेहमीचंच आहे. त्यामुळे नुसत्या सरासरीवर उन्हाळा-हिवाळ्याचे निष्कर्ष काढायला गेलात तर एकच मासा तुमचा आलेख वाकवील.

नाव देण्याआधी

इतकं करून तुमचा कृमी कोणत्याही ज्ञात जातीत बसत नसेल, तर आधी ज्या जातीशी तो सर्वांत जवळचा आहे तिचा मूळ नमुना पाहायला मागा. नाहीच मिळाला तर त्याच यजमानातून, त्याच ठिकाणाहून नवे नमुने आणून त्या जुन्या जातीचं नव्याने वर्णन करा. २८एस आणि सीओएक्स१ या जनुकांचे सीक्वेन्स जोडा. इथल्या शेकडो जुन्या नावांना आज याच कामाची गरज आहे आणि चांगली जर्नल्स ते छापतात. पैसे घेऊन आठवड्यात नवी जाती छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

खरोखर नवी जाती निघालीच, तर प्राणिनामकरण संहितेप्रमाणे १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या जातीला नावाचा आधार असलेला नमुना, बहुधा होलोटाइप, ठरवून द्यावा लागतो. तो कोणत्या संग्रहात आणि कुठे ठेवला किंवा ठेवणार हेही वर्णनातच लिहावं लागतं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलसाठी झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही लागते. 'नमुना लेखकाकडे' हे आता पुरेसं नाही. विभागाचं कपाट कोणाच्या तरी निवृत्तीनंतर रिकामं होतं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, राष्ट्रीय संग्रह कोलकात्यात. स्लाइड पाठवण्याआधी पत्रव्यवहार करून त्यांचा नमुना-अर्ज मागवा, होलोटाइपबरोबर दोन-चार पॅराटाइप, म्हणजे वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने, आणि इथेनॉलमधला तुकडाही द्या, आणि नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच हस्तलिखित पाठवा.